रहेमतबीचं फडकं

रहेमतबी पिंजारणीला तोंडच नाही, असं मला पाच-सहा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं. आमचं घर मंगरूळपीरला माळीपुऱ्यात. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिच्या पिंजणाची, कापूस पिंजायच्या त्या मोठ्या धनुष्याची, तात कानात वाजायची. दारातून डोकावलं की कापसाच्या धुक्यात एक बाई बसलेली दिसायची. भुवयांवर पांढरी तुसं, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत एक काळपट फडकं, डोक्यामागं गच्च गाठ मारून बांधलेलं. त्या फडक्याआडूनच ती बोलायची, गिऱ्हाइकाशी भांडायची, शिव्या द्यायची. एकदा ती आमच्या ओट्यावर फडकं सोडून भाकर खायला बसली, तेव्हा मी घाबरून मायच्या मागं लपले. तिला तोंड होतं. पानानं लाल झालेलं होतं आणि पुढचे दोन दात नव्हते.

"काहून व पोट्टे," ती म्हणाली, "भाकर का नाकानं खाऊ?"

पिंजण पुरुषाचं काम. बाईनं गाद्या शिवायच्या, टाके घालायचे. पण तिचा नवरा गेला आणि खाटेवर पडलेला म्हातारा सासरा तेवढा मागं राहिला, तेव्हा तिनं खुंटीवरचं पिंजण उतरवलं आणि बसली. जातीतले चार लोक समजवायला आले. म्हणाले, बाईच्या हातात हे शोभत नाही. ती म्हणाली, "मंग रोजचं पीठ तुमी आनून देता काय? देत असान तं ठेवतो खाली." ते उठून गेले. पीठ कोणी आणलं नाही.

तिची जीभ वाईट होती, हे मी लपवणार नाही. जुनी गादी पिंजायला आली की ती गिऱ्हाइकासमोर फाडायची आणि आतला कापूस हातात घेऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. एका मोठ्या घरच्या सुनेला म्हणाली, "ह्या उशीत कोन रडते व? कापूस रडून रडून दगड झाला. सासू हाय का नवरा?" ती सून पुन्हा स्वतः आली नाही, गडी पाठवू लागली. एकाला म्हणाली, "पोट्टं मुतते तं त्याले खाली निजव, दर साली गादी काहून बाटवतं?" लोक हसायचे, चिडायचे, आणि दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा तिच्याच दारात गाद्यांचे ढीग टाकायचे, कारण तिच्यासारखा मऊ कापूस कोणी पिंजत नव्हतं.

पहिली मोठी लढाई संपत आली होती, तेव्हाची गोष्ट. मी दहा वर्षांची असेन, माझा धाकटा भाऊ नामा चार-पाचचा. मानमोडी आली. आधी ताप, मग मान उचलत नाही, मग छाती भरून येते, आणि माणूस संपतो. घराघरांत माणसं पडली. भाकरी टाकायला कोणी उभं राहत नव्हतं. आणि अशात एक दिवस दवंडी फिरली, की बाजारात माल घेऊन बसणाऱ्यानं तोंडाला फडकं बांधलंच पाहिजे. नाही बांधलं तर बसू देणार नाही.

हुकूम काढणाऱ्याला काढायला काय लागतं! कापडाचा भाव लढाईनं इतका चढला होता, की मयतावर घालायचं पांढरं घ्यायलाही लोक शेजाऱ्याच्या तोंडाकडं पाहायचे. फडकी आणायची कुठून? बाजारात जे दिसलं त्याचा तमाशाच होता. कोणी पागोट्याचा शेव तोंडाला गुंडाळला, कोणी पोराचं झबलं बांधलं. एक कांदेवाला गोणपाटाचा तुकडा बांधून बसला आणि दिवसभर शिंकत राहिला. भाव सांगायचा झाला की फडकं खाली, जमादार दिसला की फडकं वर. "तोंड बांधून वांगे इकाले बसलं का वांगे कोनी इच्यारत नाही," माय म्हणायची, "तुमच्या घरी कोन मेलं, हेच इच्यारतात."

बाजाराचा जमादार म्हणजे एक नग होता. त्याचं स्वतःचं फडकं गळ्यात लोंबायचं, कारण तोंडात तंबाखू असायची. हातात काठी. काठीच्या टोकानं तो एकेकाचं फडकं उचकायचा, नीट बांधलंय का पाहायचा, आणि तीच काठी पुढच्याच्या तोंडाला लावायचा. रांगेनं, सगळ्यांच्या तोंडाला, एकच काठी. आज इतकी वर्षं झाली, तरी ते टोक आठवलं की माझ्या अंगाची आग होते. रोग काय वेगळा पायानं चालत येतो?

मायनं पदरच तोंडावर घेतला होता. वांगी तोलताना तो घसरला. जमादारानं पायानं टोपली उलटी केली. "पदर चालत नाही," म्हणाला. वांगी लोकांच्या पायाखाली गेली. माय घरी येऊन ओट्यावर बसली आणि कपाळाला हात लावला.

रहेमतबीनं पलीकडून पिंजण थांबवलं. घरात गेली आणि रजईच्या अस्तरासाठी आणून ठेवलेलं कोरं कापड घेऊन आली. दातांनी धरून टराटरा पट्ट्या फाडल्या. गल्लीतल्या प्रत्येक बाजारकरणीला एक दिली. मायच्या डोक्यामागं तिनं स्वतः गाठ मारली. माय म्हणाली, "हळू व, जीव जाते." रहेमतबी म्हणाली, "ढिलं बांधलं तं त्या मुर्दाराची काठी येते तोंडात. त्याच्यापक्षा जीव गेलेला बरा." सगळ्या हसल्या. त्या दिवसांत हसणं तेवढंच झालं.

मग ती म्हणाली, "नामाले बाजारात नेऊ नको. माह्यापाशी ठेवत जा."

"तुह्या कापसाच्या धुयीत? खोकून मरंल पोरगं."

"अन् बाजारात का अत्तर सांडलं हाय?"

मायनं ऐकलं नाही. नामा तिच्या टोपलीपाशीच बसत राहिला, त्या काठीखाली. त्याला तिथून लागलं, की घरातून, की विहिरीवरून, ते कोणाला ठाऊक! मी उगीच खात्रीनं सांगणार नाही.

गल्लीत एक घर सोडून सगळ्या घरांत माणूस पडलं होतं. ते एक घर रहेमतबीचं. त्यावरून बोलणं सुरू झालं. पहिल्यांदा कोण बोललं, कोणालाच सांगता आलं नाही. तिच्या तोंडाचं ते काळं फडकं आहे ना, त्यात काहीतरी आहे. वर्षानुवर्षं बांधते, म्हणून रोग तिच्या उंबऱ्यात येत नाही. आमचं गाव दर्ग्याचं. नवसाचा दोरा, ताईत, अंगारा, हे सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. हिंदू काय, मुसलमान काय, पोर आजारी पडलं की गळ्यात काहीतरी बांधल्याशिवाय कोणाचं भागत नाही. बाया म्हणू लागल्या, तिनं देल्लं ते कोरं कापड काय कामाचं? खरं फडकं तं तिच्या तोंडावर हाय.

आणि नामा पडला. सकाळी खेळत होता, दुपारी अंग तव्यासारखं. दुसऱ्या दिवशी मान टाकली. मायनं माझा हात धरला आणि मला ओढत रहेमतबीच्या दारात नेलं. "तू बी पाया पड तिच्या," म्हणाली.

"रहेमत, ते फडकं दे."

रहेमतबी उठली. "देतो ना. कोरं हाय अजून थोडं."

"कोरं नको. तुह्या तोंडाचं दे. एक चिंधी फाडून दे, पोराच्या गयात बांधतो."

रहेमतबी जागच्या जागी थांबली. "हे कोनं घातलं तुह्या डोक्यात?"

"सारे म्हणून राह्यले. तुह्या घरात कोनी पडलं नाही."

"माह्या घरात हायच कोन पडाले? मी अन् बुढा. बुढा तं कवाचाच पडेल हाय!"

"तुले पिराची आन हाय, रहेमत."

"पिराचं नाव मंधात आनू नको." तिचा आवाज चढला. "ह्या फडक्यात पीर नाही. माही थुक हाय, अन् साऱ्या गावाच्या गाद्याईची घान हाय. हे त्या लेकराच्या नाकापाशी बांधतं तू? दुश्मनाच्या पोराले नाही देनार मी हे."

"तुले काय जाते व द्याले?"

"आज तुले देल्लं तं उद्या सारं गाव दारात बसंल. मी काय दर्ग्याचा मुजावर हाय? जा, पोराले पानी पाज, पेज पाज. मी येतो त्याच्यापाशी बसाले, रात अन् दिवस बसतो."

"फडकं घेऊन येशीन तं ये," माय म्हणाली. "नाही तं येऊ नको."

मी पाया पडलेच नव्हते. मला कोणी वेळच दिला नाही.

रहेमतबी आली. फडकं न घेता आली. मायनं दार लावून घेतलं. रहेमतबी आमच्या ओट्यावर बसून राहिली, तिच्या गाद्या तशाच पडल्या. ज्वारीच्या कण्यांची पेज करून तिनं उंबऱ्यात ठेवली, ती मायनं कुत्र्याला घातली. बाप मळ्यातून आला, दोघींच्या मधे उभा राहिला, आणि परत मळ्यात गेला. त्याचं नेहमी असंच होतं.

नामा दिवाळीच्या आधी गेला.

आमच्याकडं बाया रडताना बोलून रडतात. मेलेल्याचं सगळं सांगतात, सगळ्यांना ऐकवतात. माय रडली ती एकच गोष्ट सांगत रडली. "एका चिंधीपायी गेलं व माहं लेकरू! पिंजारनीनं चिंधी नाही देल्ली व माय!" नामाला उचललं तेव्हाही तेच, न्हाणीत बसली तेव्हाही तेच. गल्लीनं ऐकलं. विहिरीवर ऐकलं. बाजारात त्या कोऱ्या पट्ट्या तोंडाला बांधून बसलेल्या बायांनी ऐकलं, आणि रहेमतबीच्याच कापडाआडून रहेमतबीलाच नावं ठेवली.

मी तेव्हा मायवर चिडले होते. रहेमतबीवरही चिडले होते. लहान होते, म्हणून नाही. आजही दोघींवर चिडूनच आहे. एक म्हणते चिंधीच दे, दुसरी म्हणते चिंधी सोडून काहीही माग. आणि मधे पोर तापानं फणफणतंय.

पुढं काय झालं ते ऐका, म्हणजे माझा राग कशाचा ते कळेल. नामाच्या मागोमाग समोरच्या तेल्याची गोदी पडली. तीन वर्षांची पोर. तिची आई वच्छी रहेमतबीच्या दारात गेली. मी आमच्या ओट्यावर होते, मला सगळं दिसत होतं. वच्छीनं तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आधीच रहेमतबीनं मागं हात नेऊन गाठ सोडली. ते काळं फडकं तिनं तिथंच फाडलं. एक पट्टी वच्छीच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

गोदी जगली.

आठवडाभरात ती पोर ओट्यावर बसून कण्या खाऊ लागली. अख्खी गल्ली तिला पाहायला गेली. गळ्यात चिंधी होती. आता कोणाला काही सांगायची गरज उरली नाही. चिंधी दिली ती पोर जगली, नाही दिली ते मेलं. शेंबड्या पोरालाही कळेल असा हिशेब. त्याच गल्लीत चिंधीवाचून बरी झालेली किती तरी पोरं होती, मी स्वतः तापातून उठले होते. पण आमच्याकडं कोण बघतो?

माय गोदीला पाहून आली ती सरळ रहेमतबीच्या दारात. सगळे बाहेर आले.

"तेलीनीच्या पोरीले देल्ली! माह्या नामाले काहून नाही देल्ली व? माह्यं लेकरू सस्तं होतं काय? बोल ना! गावाले बोलतं, आता काहून तोंड बंद हाय तुह्यं?"

रहेमतबी दारात उभी होती. तोंडावर फडकं नव्हतं. तिच्याकडं प्रत्येकासाठी उत्तर असायचं, पाटलासाठी, मौलवीसाठी, जमादारासाठी. त्या दिवशी तिनं नुसता पदर तोंडावर ओढला. मायनं तिच्या उंबऱ्यावर डोकं आपटलं, बायांनी तिला उचलून आणलं.

लोक म्हणतात, पूर्वी गल्लीत माया होती. होती. आणि मायेतल्या माणसाला उपाशी मारायची रीतही होती. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त गाद्या येणं बंद झालं. ऐन थंडीच्या तोंडावर, गाद्यांच्या हंगामात, लोक गाड्या जोडून वाशीमला, कारंज्याला जाऊ लागले. रहेमतबी चूल पेटवायला विस्तव मागायला गेली, तर "आमचाच इझला" म्हणायचे, आणि आत धूर दिसायचा. दर्ग्याला जाणारे तिच्या जातीतले लोकही तिचं दार टाळून दुसऱ्या बाजूनं जायचे. वच्छी तरी तिच्यासाठी बोलेल असं मला वाटलं होतं, जिची पोर ओट्यावर खेळत होती. वच्छी म्हणाली, "मले देल्ली, हे खरं. पन पयल्याले नाही देल्ली, हे बी खरंच ना!"

तोंडाच्या फडक्याचा हुकूम केव्हा उठला ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पट्ट्या भांडी पुसायला गेल्या. थंडी सरायच्या आत रहेमतबीनं एक बैलगाडी सांगितली. म्हाताऱ्याला खाटेसकट गाडीत घातलं, पिंजण वर बांधलं, आणि शेलूबाजारला चुलत दिराच्या आसऱ्याला निघून गेली. कोणी बाहेर आलं नाही. भिंतीपलीकडं सकाळी काही वाजेना.

माझं लग्न झालं ते शेलूबाजारजवळच्याच एका खेड्यात. भाजी घेऊन मी तिथल्या बाजाराला जायची. तिथं एका झाडाखाली जुन्या उशा उसवत ती बसलेली दिसली. केस पांढरे झाले होते, की कापूस होता, लांबून कळलं नाही. तोंडाला फडकं होतं. दुसरं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, ओयखलं काय?"

"नाक तं चंद्रभागेचं हाय," ती म्हणाली. चंद्रभागा म्हणजे माझी माय. "बस. माय जिती हाय?"

"हाय."

"मले शिव्या देते अजून?"

"देते."

"मंग तब्येत चांगली असंल." तिनं फडकं खाली ओढलं आणि पान लावायला घेतलं. मला बरेच दिवस विचारायचं होतं ते मी तिथंच विचारलं. गोदीला काहून दिली? जे खोटं ते खोटं, नामाच्या वेळी खोटं तर गोदीच्या वेळी खरं कसं झालं?

ती पानाला चुना लावत राहिली. मग म्हणाली, "तुह्यी माय रडे ना, ते भिंतीतून आयकू ये मले. रोज. माह्यं नाव घेऊन रडे. मी म्हनलं, अजून एक बाई माह्या नावानं रडाले नको. घेऊन जाय म्हनलं चिंधी." तिनं पान तोंडात घातलं. "ते पोट्टी मरनार, असंच वाटलं होतं मले. डोये फिरवले होते तिनं. ते जगंल, हे कोनाले ठाऊक व बाई!"

हे मी माहेरी गेले तेव्हा मायला सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी तिच्या डोक्यातलं उतरेल. माय भाजीच्या जुड्या बांधत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मरनार हाय असं वाटूनही देल्ली ना तिले? मायच्या जिवाले बरं वाटावं म्हनून? मंग मले काहून नाही देल्ली तेवढी?"

रहेमतबी पहिल्यांदा खरी वागली आणि दुसऱ्यांदा दयेनं वागली, आणि दोन्ही वेळा तिचंच चुकलं. असल्या जगाला काय म्हणावं ते मला शाळेत चौथीपर्यंत कोणी शिकवलं नाही.

रहेमतबी गेल्याची बातमी आली तेव्हा मी माहेरीच होते. दुसरी लढाई चालू होती. शेलूबाजारहून गूळ घेऊन येणारा एक गाडीवान ओट्याशी थांबला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "तुमच्या शेजारची ते पिंजारीन सरली म्हनतात, परवाच्या दिवशी."

माय पाटा धूत होती. तिनं तो बाजूला ठेवला. उठली, परसातल्या विहिरीवर गेली, आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून बादलीनं पाणी घेतलं. एक, मग आणखी एक. माहेरचं किंवा सासरचं कोणी गेलं की आमच्यात असं पाणी घेतात. शेजारणीसाठी नाही घेत. केसांतून पाणी गळत ती आत आली आणि चुलीपुढं बसली.

वीस-बावीस वर्षं! ती बाई एका कोसावर नाही, पण बैलगाडीनं जाऊन येता येईल इतक्या जवळ होती. माय एकदा जाऊन बसली असती तिच्यापुढं. शिवी द्यायला गेली असती तरी चाललं असतं.

"तिच्यासाठी घेतलं ना पानी?" मी विचारलं.

"उकडत होतं," माय म्हणाली.

पौषाचा महिना होता. गल्लीत दारोदार शेकोट्या पेटल्या होत्या. तिचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं. कोरडं लुगडं माझ्या डोक्यावरच्या दांडीवर होतं. मी ते काढून दिलं नाही, आणि तिनंही मागितलं नाही.